बधिरी आणि दोरी सोडणारी रुमाली

एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता की राणी नव्हती. होती ती नुसती एक खिंड. दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे, आणि मधे एवढीशी फट. गावात यायचं तर त्या फटीतून, गावातून जायचं तर त्या फटीतूनच. आणि खिंडीच्या पलीकडे होती खोल दरी. ऊन कधी तळाला पोचायचं नाही, अशी. त्या दरीत राहायची बधिरी.

बधिरी दिसायला कशी, हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. केस तेवढे दिसायचे. पांढरे, लांब, धुक्यासारखे जमिनीवरून फरपटत यायचे. पाय वाजायचे नाहीत. थंडीचे दिवस आले आणि सूर्य डोंगराआड गेला, की तिन्हीसांजेला ती खिंडीत येऊन उभी राहायची. कमर तिची माणसाच्या कानाएवढी उंच, आणि कमरेवर एक गाडगं. बाया कळशी घेतात ना कडेवर, तसं.

ती चावायची नाही, ओरबाडायची नाही. नुसतं बोट लावायची. जिथे बोट लावलं, तिथे आधी मुंग्या यायच्या. मग तो भाग झोपायचा. मग तो तिचा व्हायचा. तिचा म्हणजे कसा, सांगते. शेळीच्या जिभेला बोट लावलं, की शेळी तोंड उघडायची पण बें काही निघायचं नाही. ते बें जाऊन पडलेलं असायचं गाडग्यात. आणि माणसाच्या पायाला बोट लावलं, की आधी बोटं बधिर. मग रोज तिन्हीसांजेला ती खिंडीत आली, की बधिरपणा वर चढायचा. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत आला, की माणूस उठायचं, आणि हाक नाही की ओ नाही, तिच्यामागून चालायला लागायचं. दरीत उतरायचं. परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

कांबळं ओढ नीट. पाय बाहेर आहे तुझा.

तर काय, ते गाडगं फुटलं असतं तर सगळं सुटलं असतं. हे गावाला ठाऊक होतं, कारण गाडगं आतून गुणगुणायचं. कान दिला तर त्यात माणसांचे आवाज ऐकू यायचे. म्हणून गावाचा एक राखणदार असायचा. तिरकमठा घेऊन तो तिन्हीसांजेला खिंडीच्या अलीकडे उभा राहायचा. तो निघाला की सारं गाव वेशीवर जमायचं. कारभारी त्याच्या कपाळाला राख लावायचा आणि म्हणायचा, "दोरी सोडू नको." राखणदार म्हणायचा, "नाही सोडणार." मगच पुढे पाऊल टाकायचं. म्हणजे भिऊन पळू नको, काम टाकू नको, असं सांगणं होतं ते. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं.

आणि एक रीत होती बरं का. धुक्यात केस दिसले की लगेच दोरी ओढायची. ओढून धरायची. बधिरी टप्प्यात येईपर्यंत धरून ठेवायची. जो जास्त वेळ धरेल तो खरा राखणदार, असं मानायचे. किती राखणदार झाले, पण गाडगं काही फुटलं नाही.

शेवटचा राखणदार होता रुमालीचा बाप, वेस्ता. त्याची गोष्ट वाईट आहे, पण सांगायला हवी. मागच्या थंडीत रुमालीची आय लाकडं आणायला गेली आणि परत येताना खिंडीत तिन्हीसांज झाली. ती घरी आली ती खांदा चोळतच. "मुंग्या आल्यात," म्हणाली, "मोळीनं असेल." मोळीनं नव्हतं. एका तिन्हीसांजेला ती चुलीपुढून उठली, भाकरी तव्यावर तशीच, आणि चालायला लागली. वेस्ता तिरकमठा घेऊन धावला. त्यानं दोरी ओढली. पण बधिरी पुढे आणि मागून बायको चाललेली. तो धरून राहिला. धरून राहिला. हाताला मुंग्या आल्या तरी धरून राहिला. दोघी दरीत उतरल्या, आणि दोरी काही त्याच्या हातून सुटली नाही. शेवटी ती मधेच तटकन तुटली.

तेव्हापासून वेस्ताची उजवी मूठ मिटली ती मिटलीच. आत तुटक्या दोरीचा तुकडा. गरम पाण्यात घातली, तेल लावलं, दोघांनी मिळून ओढली. मूठ उघडेना. डाव्या हातानं जेवायचा बिचारा. आणि तिन्हीसांज झाली की ती मूठ त्याला खिंडीकडे ओढायची. मग तो मनगट घराच्या मधल्या खांबाला, मेढीला, बांधून घ्यायचा आणि अंधार होईपर्यंत गप्प बसायचा.

घरात मग तिघं उरली. वेस्ता, रुमाली आणि धाकटी गुजी. रुमाली मोठी, लग्नाच्या वयाची. गुजी एवढीशी, दात पडायच्या वयाची.

मग थंडी पुन्हा आली. एकदा काय झालं, गुजी खिंडीजवळच्या ओढ्यात पाय सोडून मासे बघत बसली. मासे बघता बघता ऊन गेलं. तिच्या ध्यानातच आलं नाही. घरी आली आणि म्हणाली, "ताई, माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

रुमालीनं पाय झटकला. मुंगी एकही नाही. पण बोटं पांढरी पडलेली, ओढ्यातल्या गोट्यांसारखी गार. तिनं चिमटा काढला. गुजी हसली. "काढ की," म्हणाली, "मी वाट बघतेय."

वेस्तानं ते पाहिलं आणि तो होता तिथे खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाली कारभाऱ्याकडे गेली. त्याचं नाव खेत्या. म्हातारा, पण आवाज मोठा.

"काका, राखणदार कोण जाणार?"

कारभाऱ्यानं चारी दिशांना पाहिलं. त्या दिवशी गावातल्या निम्म्या पुरुषांची गुरं हरवली होती. उरलेल्या निम्म्यांच्या कमरा धरल्या होत्या.

"मग मी जाते," रुमाली म्हणाली.

"तू? तुला कमठा ओढवेल का?"

"ज्वारीवरची पाखरं मीच उडवते ना, कमठ्यानं."

"पाखरं पळतात, पोरी. ती पळत नाही."

पण दुसरं कोण होतं? तिन्हीसांजेला गाव वेशीवर जमलं. कारभाऱ्यानं राख लावली. "दोरी सोडू नको." रुमाली म्हणाली, "नाही सोडणार." आणि गेली.

खिंडीत गार वारा होता. मग वारा थांबला. मग धुकं आलं, आणि धुक्यातून केस आले, सरपटत, दगडांना वळसे घालत. रुमालीनं रिवाजाप्रमाणे लगेच दोरी ओढली. पाचही बोटांनी, मुळापर्यंत, बादलीची कडी धरावी तशी घट्ट. बारीक दोरी बोटांत रुतली. बधिरी लांब होती. एक पाऊल टाकायची आणि थांबायची. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबायची. तिला कसली घाई?

रुमाली धरून राहिली. मनगट थरथरायला लागलं. मग बोटांत मुंग्या आल्या. आधी टोकाला, मग पेरात, मग तळव्यात. मग काहीच कळेना. बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. तिनं खाली पाहिलं, तर पकड कधीच ढिली झाली होती आणि बाण तिच्याच पायाशी पडला होता.

बधिरी हसली की काय कोण जाणे. पण गाडगं गुणगुणलं. आणि एक गार टोक रुमालीच्या तर्जनीला लागलं, एवढंसं. रुमाली पळाली.

घरी आली तर गुजीचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. आणि रुमालीची तर्जनी. काय सांगू. ती तर्जनी आपली आपण हलायला लागली. आत वळायची, बाहेर यायची. आत वळायची, बाहेर यायची. दाराकडे तोंड करून कुणाला तरी बोलावत होती. ये, ये, ये. रुमाली बघत राहिली. स्वतःचंच बोट, आणि ऐकेना.

वेस्तानं डाव्या हातानं आणि दातांनी फडकं फाडलं आणि ते बोट तळव्याशी आवळून बांधलं. बांधल्यावरही ते फडक्याखाली वळवळत होतं.

"तू कसं धरलंस?" त्यानं विचारलं.

रुमालीनं मूठ करून दाखवली. वेस्तानं तिची मूठ पाहिली. मग आपली पाहिली. दोन्ही सारख्याच.

त्यानं आपली मूठ मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "असंच धरलं होतं मी. माझ्या बानं असंच शिकवलं. मागच्या थंडीपासून ही मूठ मांडीवर घेऊन बसलोय, तर दुसरं काय करणार, विचारच करतोय. ऐक आता."

मग सकाळी उन्हात बसून त्यानं सांगितलं आणि रुमालीनं केलं. त्याला स्वतःला करून दाखवता येत नव्हतं ना.

पहिलं त्यानं दोरी बघितली. ती फार बारीक होती, सुरीसारखी. जिथे बोटं बसतात तिथे त्यानं सुताचे वेढे घ्यायला लावले, घट्ट, एकाला एक लागून, आणि वरून मधाच्या पोळ्याचं मेण चोळायला लावलं. दोरी जाड झाली आणि गुळगुळीत. मग जुन्या वहाणेच्या कातड्याचा मऊ तुकडा कापला, बोटांच्या आत बसेल एवढा, आणि त्यालाही मेण लावलं. "बोटाचं मांस आणि दोरी यांची गाठ पडायला नको," तो म्हणाला.

मग म्हणाला, "मुळाशी धरू नको. पहिल्या पेरात अडकव. नुसता आकडा कर. तळवा मोकळा, मनगट मोकळं, अंगठ्याला तर काही कामच नाही, तो पडू दे. ओढायचं ते पाठीनं. पाठीवरचे दोन खवाटे मागे एकमेकांना भेटायला निघालेत, असं ओढ. बोटं फक्त धरून आहेत."

रुमालीनं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं लावलं. तर्जनी बांधलेलीच होती. ओढलं. हनुवटीपर्यंत दोरी आली. हात दुखला नाही. पाठ दुखली.

"आणि केस दिसले की ओढायचं नाही," वेस्ता म्हणाला. "ती मुद्दाम हळू येते. तुला धरायला लावते. ओढून वाट बघू नको. वाट बघून ओढ. तोवर हात काखेत ठेव, ऊब राहील. मधे मधे बोटं झटक."

"बा, रीत मोडली तर गाव काय म्हणेल?"

"गाव वेशीवर असतं," वेस्ता म्हणाला. "खिंडीत तू असतेस."

दुसऱ्या तिन्हीसांजेला पुन्हा राख लागली. "दोरी सोडू नको." "नाही सोडणार." पुन्हा धुकं, पुन्हा केस. या वेळी रुमालीनं हात काखेत ठेवले. बधिरी एक पाऊल आली आणि थांबली. रुमालीनं ओढलं नाही. आणखी एक पाऊल. रुमालीनं बोटं झटकली. बधिरीला ते आवडलं नसावं. कारण केस फिसकारल्यासारखे उभे राहिले आणि ती सरळ चालत आली. तिच्यामागे धुक्यात माणसं होती. रांगेनं. मान खाली, हात लोंबते, डोळे उघडे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भीती वाटली रुमालीला? वाटली की. दात वाजत होते.

ती टप्प्यात आली. रुमालीनं पाठीनं ओढलं. मुंग्या आल्या नाहीत. गाडगं समोर दिसत होतं, कमरेवर, काळं. आता सोडायचं. पण सोडायचं म्हणताच वेशीवरचे शब्द आठवले. सोडू नको. नाही सोडणार. बोटं घट्ट झाली. मग तिनं जोर लावून, झटक्यानं ती उघडली. दोरी बोटांवर घसटली आणि गालाला सणसणीत लागली. बाण सुटला, पण डावीकडे झुकला. गाडग्याच्या डावीकडून गेला, मागच्या रांगेत गेला, आणि एका बाईच्या कानाजवळून पदर फाडून दगडावर आपटला.

त्या बाईनं मान वर केली. ती रुमालीची आय होती.

तिनं ओळखलं नाही हं. नुसती मान वर केली, आणि पुन्हा खाली.

बधिरीनं मात्र पाहिलं. आयकडे पाहिलं, रुमालीकडे पाहिलं. आणि त्या दिवशी ती लवकर परत गेली. मोठं काही सापडल्यासारखी.

रुमाली घरी आली तर गुजी कमरेपर्यंत गार. बसता येईना. वेस्ताला तिनं सगळं सांगितलं, बाण डावीकडे गेला ते, आणि आय दिसली तेही. वेस्ता भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "उद्या ती तुझ्या आयला बरोबर तिथेच उभी करणार. गाडग्याच्या डाव्या बाजूला, लगत. तू सोडायला भितेस, म्हणून बोटं झटकतेस. झटकलीस की दोरी बाहेर ओढली जाते आणि बाण डावीकडे जातो."

"मग कसं सोडू?"

"ते मला येत नाही पोरी," वेस्ता म्हणाला, आणि मूठ वर केली. "ते येत असतं तर ही अशी असती का?"

आता बघा कसं झालं ते. धरायचं कसं ते कळलं. ओढायचं कसं ते कळलं. सोडायचं कसं, हे साऱ्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं. आणि उद्याच्या तिन्हीसांजेला गुजी गळ्यापर्यंत बधिर होणार होती.

सकाळभर रुमालीनं पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण मारले. हळू सोडून पाहिले. पटकन सोडून पाहिले. डोळे मिटून पाहिले. सगळे डावीकडे. कमठा टाकून ती अंगणात आली. गुजी उन्हात घोंगडीवर पडली होती.

"ताई, गोष्ट सांग."

"गोष्ट नाही माझ्याकडे. झोप."

"मग बोट दे."

रुमालीनं डाव्या हाताचं बोट दिलं. गुजीनं ते मुठीत धरलं. चांगलं घट्ट. तिच्या हातात अजून जोर होता. रुमालीला तिथून उठायचं होतं, म्हणून ती वाट बघत बसली, ही झोपते कधी आणि सोडते कधी. गुजीची पापणी जड झाली. श्वास लांब झाला. मूठ तशीच होती. आणि मग मूठ नव्हती. रुमालीच्या बोटावर गुजीचा हात नुसता पडला होता, उन्हासारखा.

कधी सोडलं तिनं? रुमालीला कळलंच नाही. डोळ्यांनी बघत होती तरी कळलं नाही. गुजीनं सोडलंच नव्हतं काही. धरायचं तेवढं तिचं राहून गेलं.

रुमाली उठली. कमठा घेतला. पाठीनं ओढलं. आणि मग हात झोपू दिला. हं, नीट ऐका. बधिर नाही झोपू दिला. गुजीचा झोपला तसा. दोरी गेली. हात आपला आपण मागे कानाकडे सरकला, शेतातली बाई घाम पुसायला हात नेते तसा. बाण पेंढ्याच्या मधोमध.

तिनं दुसरा मारून पाहिला नाही. तिन्हीसांज होत आली होती.

वेशीवर गाव जमलं. कारभाऱ्यानं राख लावली आणि म्हणाला, "दोरी सोडू नको."

रुमाली म्हणाली, "सोडणार."

एक बाई मटकन खाली बसली.

"असं वंगाळ बोलू नये पोरी," कारभारी म्हणाला. "आजवर कुणी बोललं नाही."

"आजवर गाडगं फुटलं का, काका?"

"नाही, पण..."

"मग मी सोडायलाच चाललेय." आणि ती चालायला लागली.

खिंडीत वारा नव्हताच. धुकं आधीच येऊन बसलं होतं. बधिरी आली ती थेट आली. आणि गाडग्याच्या डाव्या बाजूला, लगत, एका बोटाच्या अंतरावर, रुमालीची आय उभी. केसांवर दंव. फाटका पदर. तिच्या कानात आणि गाडग्यात बाण जाईल एवढीच जागा.

रुमालीनं हात काखेतून काढले. कातडं लावलं. आणि फडक्यात बांधलेली तर्जनी जोरानं वळवळायला लागली. ये, ये, ये.

तेवढ्यात मागून पावलं आली. अनवाणी, लहान. रुमालीनं वळून पाहिलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. गुजी. गळ्यापर्यंत पांढरी. डोळे उघडे. ती ताईच्या अंगाला घासून पुढे गेली, ताईकडे न बघता, आणि बधिरीकडे चालायला लागली.

रुमालीनं पाठीनं ओढलं.

आणि बधिरी पहिल्यांदा बोलली. आवाज तिचा नव्हता. गाडग्यातून काढलेला, आयचा आवाज होता. "रुमाले," ती म्हणाली, "धर. सोडू नको गं. मला लागेल."

आयचा आवाज तिनं वर्षभर ऐकला नव्हता. बोटं आवळायला लागली. पेरातून मुळाकडे दोरी सरकायला लागली. एक मुंगी आली. दुसरी आली. गुजी चालतच होती.

मग रुमालीनं श्वास सोडला. लांब. उन्हातली घोंगडी डोळ्यांपुढे आली. आणि हाताला ती मनातल्या मनात म्हणाली, नीज बाई. दमलीस. नीज.

दोरी कधी गेली ते तिला कळलं नाही. आवाजही झाला नाही. बाण सरळ गेला. आयच्या कानाशी दंव उडालं. आणि गाडगं फुटलं.

मग काय एकेक बाहेर पडलं. किती वर्षांचं अडकलेलं. शेळ्यांचं बें बें. कुणाचं हसू. कुणाची अर्धी राहिलेली शिंक. कुणी चालता चालता गिळलेली शिवी, तीही निघाली, आणि खिंडीत दोनदा घुमली. एवढा गलका झाला की डोंगरावरची पाखरं उडाली. बधिरीनं दोन्ही हातांनी खापऱ्या गोळा करायला पाहिल्या. पण गाडग्यातली माणसांची ऊब तिच्या हातावर सांडली होती, आणि ऊब तिला सोसत नव्हती. ती लहान झाली. मडक्याएवढी झाली, मग वाटीएवढी, मग दगडाच्या फटीत शिरली. तिच्याकडे आता फार काही उरलं नाही बरं का. कुणी फार वेळ पायावर पाय घेऊन बसलं, तर मुंग्या पाठवते, एवढंच. पाय हलवला, चोळला, की जातात.

रुमालीनं फडकं सोडलं. तर्जनी गप्प होती. वाकवली तर वाकली.

गुजी वाटेतच थांबली होती, एक पाय वर. मग तिला गार लागलं आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, भोकाड पसरून. आयनं मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आधी काही कळेना तिला. मग गुजीकडे बोट दाखवून म्हणाली, "या पोरीच्या पायात काही नाही? एवढ्या थंडीत? कोण लक्ष देतं घरात?"

रुमालीनं नुसता कमठा खाली ठेवला.

दरीतून आलेली माणसं मग एकेक करून गावात शिरली. काहींची घरं होती, काहींची पडली होती. काहींना त्यांची नातवंडंच ओळखत नव्हती. कारभाऱ्यानं त्यांना आपल्या ओसरीवर बसवलं आणि प्रत्येकाला गरम पेज दिली. त्यातली एक म्हातारी त्याची बहीण होती.

घरी वेस्ता मेढीला मनगट बांधून बसला होता, डोळे मिटून. बाहेर गलका ऐकला, पण डोळे उघडायची हिंमत होईना त्याला. आय आत आली. तिनं पाहिलं, याची मूठ उघडी पडलीय आणि तळव्यात नखं रुतून खड्डे झालेत. तिनं मनगट सोडलं. तुटकी दोरी उचलून चुलीत टाकली. मग म्हणाली, "नखं केवढी वाढलीत ही." आणि कोनाड्यातली नराणी शोधून त्याची नखं काढत बसली. वेस्ता डाव्या हातानं डोळे पुसत होता, आणि मग त्याला आठवलं की आता उजवाही आहे.

त्या दिवशी चूल मोठी पेटवली. भाकरी झाल्या. गुजीनं दोन पायांनी घरभर उड्या मारल्या आणि तिला ओरडायला कुणालाही जीव झाला नाही. मग सगळे एकाच घोंगडीखाली गोळा झाले. गुजीला आधी झोप लागली. मग वेस्ताला, घोरत. मग आयला, खूप दिवसांची राहिलेली. शेवटी रुमालीला. शेळ्यासुद्धा झोपल्या.

ती सगळी सुखात निजलीत. आता जागं कोण उरलंय, बघू?

मिटा डोळे.